हिरवी मातखाण

विरेश सर हुशार आहेत असं मी पहिले दोन महिने समजत होते. ही चूक माझी. ते इंग्रजी फार बोलायचे, आणि कळंबच्या मुलीला तेवढ्यानं दबकायला होतं.

माणूस मूळचा उमरग्याकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या घराला साधी चीर पडली नव्हती, पण पुण्यात ओळख करून देताना ते "मी भूकंपग्रस्त भागातला" असं गळा जड करून सांगायचे. इकडं आले की मात्र आपल्याच मुलखाला "हे लोक" म्हणायचे. या लोकांना काही कळत नाही, या लोकांना फुकट हवं असतं, या लोकांना नकाशा म्हणजे सातबारा वाटतो. मी त्याच लोकांतली होते, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. किंवा यायचं आणि चालायचं.

त्यांच्या कंपनीला जिल्ह्यातल्या काही गावांचा भूकंपधोक्याचा नकाशा करायचं काम मिळालं होतं. धाराशिवात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या म्हणजे आमचं कार्यालय. मी भूगोलात एम.एस्सी. केलेली, म्हणून संगणकावर नकाशा रचायचं काम माझ्याकडं. काम समजायला अवघड नाही. जमीन हलली की सगळीकडं सारखी हलत नाही. खडकावरचं घर कमी हलतं, खोल काळ्या मातीवरचं जास्त, आणि खड्डा बुजवून केलेल्या भरावावरचं सगळ्यात वाईट. म्हणून माती किती खोल, खडक कुठं, उतार कसा, घरं कुठं, याचे एकावर एक थर संगणकात चढवायचे आणि शेवटी रंग भरायचे. धोका जास्त तिथं तांबडा, कमी तिथं हिरवा. नव्या शाळा आणि दवाखाने कुठं बांधायचे ते या रंगांवरून ठरणार होतं.

सगळं अवलंबून होतं मातीच्या खोलीवर. ती विहिरींवरून काढली जाते. सरांनी मला विहिरींची यादी दिली. मी ती नकाशावर टाकली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. त्रेचाळीस गावांत मातीची खोली एकच होती, एक पूर्णांक दोन मीटर. आणि अकरा विहिरी एका साठवण तलावाच्या बरोबर मध्यावर होत्या.

"सर, या अकरा विहिरी पाण्यात आहेत."

"विहिरीत पाणीच असतं, युसरा," सर म्हणाले आणि स्वतःच हसले. मग माझ्या खुर्चीमागं उभे राहिले, माउस घेतला आणि एकेक ठिपका ओढून तलावाच्या काठावर आणून ठेवला. "झालं. आता बुडत नाहीत."

"पण त्या खरंच तिथं आहेत का?"

"हा नकाशा भिंतीवर लागणार आहे. भिंतीवरच्या नकाशात कुणी पोहरा सोडून बघत नाही."

"आणि त्रेचाळीस गावांत एकच खोली?"

"मधल्या जागा संगणक भरतो."

संगणक भरत नाही. संगणकाला सांगावं लागतं. कुणीतरी वरचा आकडा खाली ओढत नेला होता, किराणाच्या यादीत 'वरीलप्रमाणे' लिहितात तसा. त्या दिवशी माझ्या मनातून तो माणूस उतरला. पण मी काय केलं? मुकाट्यानं रंग भरले. हिरवा कुठला घ्यायचा, पोपटी की गर्द, यावर अर्धा दिवस घालवला. हेही सांगितलं पाहिजे.

नकाशा लोकांसमोर मांडायचा कार्यक्रम होन्नळवाडीला ठरला. उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला असलेलं गाव. तिथं शाळेच्या चार खोल्या मंजूर झाल्या होत्या आणि जागा गावच्या मैदानाची धरली होती. मैदान आमच्या नकाशात हिरवं. गावाबाहेरचा उघडा माळ तांबडा. मला निदान एक गाव तरी डोळ्यांनी बघायचं होतं. सरांना न सांगता रविवारी निघाले. एसटीनं उमरगा, तिथून काळी-पिवळी जीप.

होन्नळवाडी भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. सरळ गल्ल्या, नंबर घातलेली घरं. जुनं गाव ओढ्याकाठी होतं, तिथं आता वेड्या बाभळी. पहिल्याच घराच्या दारात इरम्मा नावाची म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र आणि हातातले कागद बघून तिनं तोंड फिरवलं.

"आला का फारम?"

"फॉर्म नाही मावशी, नकाशा..."

"एकच की. भूकंपापासनं लई आले ग बाई. कोन भिताडाची चीर मोजतंय, कोन आमचं रडनं मोजतंय. म्होरल्या घरला जा. तिथली सून नवी हाय, ती बोलंल."

सरपंच अयोध्याबाई पस्तिशीतल्या होत्या, लग्न होऊन या गावात आलेल्या. त्यांनी चहा दिला, पण जुन्या गावाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "जिमिनीच्या आतलं इचारायचं तर खाजामियाँकडं जा," त्या म्हणाल्या. "शिवारातल्या निम्म्या इहिरी त्येंनी खांदल्यात."

खाजामियाँ सत्तरी ओलांडलेले, कमरेत वाकलेले, हाताची बोटं वडाच्या पारंब्यांसारखी. मी कळंबची आणि आपल्यातली हे कळल्यावर ते दख्खनीत बोलू लागले, आणि पुढं आम्ही दोघं असलो की तसंच बोलत राहिलो. इथं मराठीत सांगते.

मी नकाशा त्यांच्यापुढं खाटेवर पसरला. त्यांनी मैदान ओळखलं, माळ ओळखला.

"हे हिरवं म्हणजे?"

"इथं धोका कमी, चाचा."

"आणि हे तांबडं?"

"इथं जास्त."

त्यांनी कागद उचलला, उलटा धरला आणि लांब करून बघितला. "असं धरलं तर बरोबर होतंय," ते म्हणाले. "कुणी केलं हे?"

मी केलं असं म्हणायचं धाडस झालं नाही. "साहेबांनी," मी म्हणाले.

"साहेबाला जमिनीचं वावडं दिसतंय."

मग त्यांनी मला मैदानावर नेलं. सपाट, सुबक मैदान. पोरांनी एका कडेला स्टंप ठोकले होते. खाजामियाँ मध्यभागी थांबले. ही जुन्या गावाची मातखाण होती, त्यांनी सांगितलं. गावातल्या प्रत्येक धाब्याच्या घराची माती इथून गेलेली. पिढ्यान् पिढ्या खणून खणून अडीच-तीन परस खोल खड्डा झाला होता. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, विहीरवाल्यांचं माप. भूकंप झाला, गाव आडवं झालं, तेव्हा पडलेल्या घरांचा राडारोडा मोठ्या यंत्रांनी ढकलत आणून याच खड्ड्यात लोटला. दगड, माती, लाकूड, जे होतं ते. वरून मुरमाचा थर दिला. तीस वर्षांत गवत उगवलं, पोरं खेळू लागली, आणि चाळिशीच्या आतल्या माणसांना ते मैदानच वाटू लागलं.

"शाळा इथं होणार हे ठरलं तेव्हा तुम्ही बोलला का नाही?"

"विचारलं कुणी? तुमच्या कागदात 'खाजामियाँला काय माहीत आहे' असा रकाना असतो का?"

मला वाटलं, म्हातारा फेकतोय. खरं सांगते. शिकलेल्या माणसाच्या अंगात ही खोड मुरलेली असते, ती माझ्यातही होती. मी त्यांना म्हणाले, "चाचा, एखाद्या विहिरीत माती किती खोल ते न बघता सांगा. मी टेप सोडते."

ते रागावले नाहीत. बंडप्पांच्या मळ्यातली विहीर काठावर जायच्या आधीच त्यांनी सांगितली. "साडेदहा फूट काळी. मग चार बोटांची चुनखडीची पट्टी. मग मुरूम, आणि खाली पाषाण. पाषाणाला माझ्या दोन पहारी गेल्या." विहिरीला बांधकाम नव्हतं, थर उघडे दिसत होते. मी टेप सोडली. काळी माती दहा फूट आठ इंच भरली. खाली पांढरी पट्टी होती. मी टेप गुंडाळली आणि वहीत आकडा लिहिला. ते बिडी शिलगावत दुसरीकडं बघत राहिले.

चार रविवार मी जात राहिले. एकतीस विहिरी झाल्या. एकाही विहिरीत ते हातभराहून जास्त चुकले नाहीत. एक पूर्णांक दोन मीटर म्हणावी अशी एकही निघाली नाही.

माळावर गेलो तेव्हा त्यांनी काठी आपटली आणि ती खणकन वाजली. खडक वीतभर खाली, जागोजाग उघडाच. मग हा तांबडा का? घरी येऊन मी उपग्रहाचं चित्र उघडलं तेव्हा कळलं. विहिरींचा आकडा सगळीकडं एकच, म्हणून रंगांतला फरक नुसत्या या चित्रावरून पडला होता. काळा खडक वरून काळा दिसतो. संगणकानं त्याला खोल काळी माती धरलं होतं. आणि मैदानावरचा मुरूम वरून फिकट दिसतो, म्हणून तिथं कठीण जमीन धरली होती. मला आधी हसू आलं. मग किळस आली, कारण एकदा, फक्त एकदा कुणी तिथं उभं राहिलं असतं तर हे कळलं असतं. त्या कुणीमध्ये मीही होते.

सोमवारी मी वही आणि नवा थर सरांपुढं ठेवला. त्यांनी वहीला हात लावला नाही.

"हे कुणी मोजलं?"

"मी. आणि गावातले विहीर खोदणारे खाजामियाँ आहेत..."

"विहीर खोदणारे." त्यांनी तो शब्द घशात अडकलेल्या केसासारखा बाहेर काढला. "युसरा, उद्या डॉक्टरनं निदान करताना न्हाव्याला विचारायचं का? त्या म्हाताऱ्याच्या आठवणी हा डेटा नसतो. डेटाला पद्धत लागते."

"ओढून काठावर ठेवलेल्या विहिरींना कुठली पद्धत आहे, सर?"

खोलीतले बाकीचे दोघे आपापल्या पडद्याकडं बघू लागले. सर म्हणाले, "होन्नळवाडीच्या कार्यक्रमाला तू ये. लॅपटॉप चालवायला. बोलायला नाही."

कार्यक्रम समाजमंदिरात झाला. प्रांताधिकारी मॅडम आल्या होत्या. त्याच दिवशी पायाची आखणी व्हायची होती, म्हणून मैदानाच्या कडेला जेसीबी येऊन थांबला होता. सरांनी पाऊण तास भाषण केलं. बायका माना खाली घालून बसल्या होत्या, पुरुष एकमेकांना तंबाखू देत होते. शेवटी सरांनी मैदानाच्या हिरव्या चौकोनावर लेझरचा लाल ठिपका फिरवला आणि म्हणाले, "आमच्या शास्त्रीय नकाशानुसार तुमच्या मुलांसाठी ही गावातली सर्वांत सुरक्षित जागा आहे."

खाजामियाँ मागच्या बाजूला उभे होते. भिंतीला हात टेकून ते पुढं आले. सगळ्यांसमोर ते गावाचीच मराठी बोलत.

"सायेब, तितं मातखान हाय. भराव हाय."

"चाचा," सर त्यांच्याकडं न बघता मॅडमकडं बघून हसले, "हे तुमच्या काळातलं नाही. यात उपग्रह असतो."

"असंल की. उपग्रहाला खाली इचारायला यायला येळ न्हाय. आपल्याला हाय. त्यो जेसीबी उभाच हाय. एक परस खांदा. परसाखालीबी मुरूमच लागला तर म्या पुन्हा तोंड उघडनार न्हाय."

लोक हसले. सरही हसले. त्यांना खात्री होती. आपल्या नकाशावर त्यांचा खरोखर विश्वास होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. या माणसानं आकडे ओढले, ठिपके हलवले, आणि रंग भरून झाल्यावर त्या रंगांवर श्रद्धा ठेवली. "खणा की," ते ऐटीत म्हणाले. "लोकांचं समाधान होऊ द्या."

सगळा गाव मैदानावर गोळा झाला. जेसीबीनं पहिला घास घेतला, तो मुरमाचा. सरांनी मान डोलावली. दुसरा घास फुटाखाली गेला आणि पांढरट, भुसभुशीत माती वर आली. मग दगड. मग एक सागवानी चौकट, एका बाजूनं कुजलेली, कडी अजून लटकत असलेली. चालकानं यंत्र थांबवलं आणि मॅडमकडं बघितलं. त्यांनी हात केला, चालू द्या. पुढचा घास, त्यात चेपलेली घागर. आठ फुटांवरही तीच भुसभुशीत माती. दहा फुटांवर एका बाजूची कड ढासळली आणि जेसीबीला मागं घ्यावं लागलं. खड्ड्याचा तळ काही लागला नव्हता.

इरम्मा गर्दीतून काठी टेकत पुढं आली, चौकटीजवळ वाकली, कडी हातानं पुसून बघितली.

"आमची न्हवं," ती म्हणाली. "खालच्या आळीची असंल." आणि मागं जाऊन उभी राहिली.

मॅडम सरांकडं वळल्या. सरांचा चेहरा उतरलेला होता, पण जीभ शाबूत होती. "मॅडम, हा स्थानिक अपवाद आहे. जिल्हा पातळीवरच्या नकाशात असे अपवाद गृहीत धरलेले असतात."

"सायेब," खाजामियाँ म्हणाले, "आमचं गावच येवडं. तुमी त्याला अपवाद म्हनला तर पुरा गावच अपवाद झाला की."

मी तेव्हा बोलले. लॅपटॉप जेसीबीच्या चाकावर ठेवून एकतीस विहिरींचा थर उघडला आणि मॅडमना दाखवला. मैदानापाशी माती कुठं संपते ते कळतच नाही. माळावर खडक वीतभर खाली. "हा आमच्या कार्यालयाचा अधिकृत डेटा नाही," सर घाईनं म्हणाले.

"मग कुणाचा आहे?" मॅडमनी विचारलं.

"खाजामियाँ चाचांचा," मी म्हणाले. "टेप माझी होती."

आखणी थांबली. दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात न येण्याचा निरोप आला. अब्बांनी एकदाच विचारलं, "खरं बोललीस ना?" मी हो म्हणाले. ते पेपर वाचू लागले.

दीड महिन्यानं विरेश सरांचा फोन आला. गावानं शाळा माळावर न्यायचं ठरवलं होतं, पण अधिकृत नकाशात माळ तांबडा, म्हणून इंजिनिअर सही करेना. ज्या नकाशाला जमिनीवर कुणी विचारत नव्हतं, तो कागदावर मात्र आडवा आला होता. नकाशा दुरुस्त करायला सरांना माझ्या विहिरी हव्या होत्या. आवाज एकदम मधाळ. "आपण एकाच टीममधले आहोत, युसरा."

"देते," मी म्हणाले. "पण माहितीचा स्रोत म्हणून खाजामियाँचं नाव लिहायचं. पूर्ण नाव."

"आपण 'स्थानिक जाणकार' लिहू. नाव लिहिलं तर लोक पात्रता विचारतात."

"तुमची कुणी विचारली?"

मग ते हो म्हणाले. मी होन्नळवाडीचा थर विहिरींच्या फोटोंसकट दिला, कारण शाळा अडकली होती. त्याच दिवशी मॅडमना सविस्तर पत्रही पाठवलं, त्रेचाळीस गावांची नावं आणि तलावाच्या काठावर ओढलेल्या अकरा विहिरींसकट. होन्नळवाडीपुरता नकाशा दुरुस्त झाला, बाकीचा सगळा परत गेला. आता गावोगाव जाऊन विहिरी मोजा असा लेखी आदेश आहे. मोजायला जातात ती कंपनीची नवी पोरं. सर अजून तलावसुद्धा बघायला गेलेले नाहीत.

पण सरांचं काही बिघडलं नाही. अशा माणसांचं बिघडत नाही. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका परिषदेत त्यांनी 'गावकऱ्यांच्या पारंपरिक ज्ञानातून धोक्याचं मापन' या विषयावर निबंध वाचला, आपण शोधलेली पद्धत म्हणून. टाळ्या पडल्या म्हणे. त्यातलं एक छायाचित्र मी होन्नळवाडीला जाऊन खाजामियाँना मोबाइलवर दाखवलं. विहिरीच्या काठावर वाकलेला माणूस, तोंड दिसत नाही. खाली 'एक ग्रामस्थ' असं लिहिलेलं.

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "माझी पाठ आहे ही," ते म्हणाले. "फोटो तू काढलास ना? मग तुझंही नाव नाही."

"नाही, चाचा. नकाशावर तरी तुमचं नाव आहे. पण खाजामियाँचं त्यांनी ख्वाजाभाई केलंय."

"कोण तो ख्वाजाभाई? असेल भला माणूस." मोबाइल परत देऊन त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चल, माळावर जाऊ. आज पाया खणतायत."

माळावर खडक फोडायचा ब्रेकर लावला होता. वीतभर खालीच काळा पाषाण लागला होता, चर जेमतेम दोन फूट गेला होता आणि यंत्र नुसतं थरथरत होतं. मुकादम शिवलिंगप्पा घामाघूम होऊन आमच्याकडं आला. "चाचा, कसली जागा दावली ही? फुटतच न्हाय. आठ दिसांचं काम म्हयनाभर चालंल."

खाजामियाँ चरात उतरले, उकिडवे बसले आणि खडकावर तळहात ठेवून थोडा वेळ तसेच राहिले.

"चालू दे की म्हयनाभर," ते म्हणाले. "कुनी पोरं बसल्यात का अजून आत?"